‘मग पोलिसांत का नाही गेले?’ : मुलांना गुलामगिरीचा इतिहास सांगताना

पत्र थोडक्यात असं : ठाणे जिल्ह्यातल्या एक ताई सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांचा वाचनकट्टा घेतात. मध्यंतरी त्यांनी अमेरिकेत गुलामीत जन्मून पुढे शेतीशास्त्रज्ञ झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची गोष्ट वाचून दाखवली. तान्ह्या जॉर्जला आणि त्याच्या आईला टोळीवाले पळवून नेतात तिथे एका मुलाने विचारलं, "मग पोलिसांत का नाही गेले?" लगेच एका मुलीने विचारलं, "माणूस विकत घ्यायला किती पैसे लागायचे?" ताईंना उत्तरं देता आली नाहीत, म्हणून त्यांनी जगातल्या गुलामगिरीच्या इतिहासावर तीन-चार शनिवार द्यायचं ठरवलं आणि तसं पालकांच्या ग्रुपवर टाकलं. एका पालकांनी लिहिलं, "एवढं निगेटिव्ह कशाला, आपल्याकडे कुठे होतं असलं काही?" दुसऱ्यांनी लिहिलं, "अमेरिकेचं राहू द्या, आधी जातीचं सांगा." त्यात खाली खेळताना मुलांनी एका सावळ्या मुलाला ‘गुलाम’ म्हणून चिडवलं आणि तो रडत घरी गेला. ताई विचारतात, विषय सोडून देऊ का? की लिंकन, स्वतः गुलामीतून पळून इतरांनाही सोडवणारी हॅरिएट टबमन अशा चांगल्या चांगल्या गोष्टी तेवढ्या सांगू आणि बाकीचं मुलं दहावी झाल्यावर बघतील?

ताई, सोडू नका. आणि मुळात हा विषय तुम्ही काढलेलाच नाहीये, पोरांनी काढलाय. पोलिसांत का नाही गेले हा प्रश्न दहा वर्षांच्या पोराने विचारला म्हणजे त्याने गोष्ट नीट ऐकली, त्याच्या डोक्यात जग असं आहे की कुणी चोरी केली तर पोलीस येतात, आणि या गोष्टीत ते येत नाहीत म्हणजे काहीतरी गडबड आहे एवढं त्याला बरोब्बर कळलंय. आता आपण गप्प बसलो तर तो स्वतःच काहीतरी उत्तर तयार करणार, बहुतेक ‘तेव्हा पोलीस नसतील’ असं. आणि हे उत्तर चूक आहे.

खरं उत्तर असं की कायदा होता, पण तो जॉर्जच्या आईसाठी नव्हता. तिचं नाव मेरी. मिसुरीतल्या मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याने तिला १८५५ साली ७०० डॉलरला विकत घेतलं होतं, तेव्हा ती साधारण १३ वर्षांची होती. म्हणजे तुमच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं, आणि हेही लक्षात घ्या की तुमच्या कट्ट्यावरच्या मोठ्या मुली मेरीच्याच वयाच्या आहेत. कायद्याच्या नजरेत मेरी ही कार्व्हरची मालमत्ता, तिला झालेलं मूलही जन्मतःच त्याचीच मालमत्ता, कारण आई गुलाम तर मूल गुलाम असा नियम व्हर्जिनिया वसाहतीत १६६२ मध्येच झाला होता आणि पुढे बाकीकडेही तोच चालला. त्यामुळे यादवी युद्धाच्या धामधुमीत टोळीने मायलेकांना पळवलं तेव्हा ‘माझी बाई चोरीला गेली’ असं मालकच म्हणू शकत होता, मेरी स्वतः ‘मला पळवलं’ असं कुठेच जाऊन म्हणू शकत नव्हती. मालकाने माणूस पाठवला, बाळ परत मिळालं, आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून एक घोडा दिला. आई सापडलीच नाही, कधीच नाही.

एवढं सांगा आणि थांबा. यात कुठेही रक्त नाही, चाबूक नाही, तरी गुलामगिरी म्हणजे काय हे संपूर्ण यात आहे. मुलांना भीती वाटेल म्हणून आपण घाबरतो पण आपल्या डोक्यात भीती म्हणजे साखळदंड आणि वळ उठलेल्या पाठी असतात, आणि ते दाखवायची या वयात गरजच नाही. आणि खरं सांगू का, आपली मुलं माणसांच्या विक्रीची गोष्ट आधीपासून ऐकून आहेत हो. हरिश्चंद्र! काशीच्या बाजारात राजा बायकोला विकतो, रोहिदासाला विकतो, मग स्वतःला डोंबाकडे विकतो. आपण ती गोष्ट सत्यवचनाची म्हणून इतक्या वेळा सांगतो की त्यातला बाजार आपल्याला दिसेनासा झालाय. एकदा पोरांना विचारून बघा, तारामतीला कुणी विचारलं होतं का? रोहिदासाला काय वाटलं असेल? बघा कसा गोंधळ होतो कट्ट्यावर. तेव्हा ‘आपल्याकडे कुठे होतं असलं काही’ म्हणणाऱ्या काकांना सध्या एवढं पुरे, त्यांच्याकडे परत येऊ.

आता मेरीची गोष्ट सांगितल्यावर एक मूल हमखास म्हणणार की पण कार्व्हर आजोबा चांगले होते ना, त्यांनी जॉर्जला सांभाळलं. हो, सांभाळलं. मोझेस कार्व्हरला गुलामगिरी तत्त्वतः पटत नव्हती असंही सांगतात, तरी त्याने शेतावर हात हवे म्हणून एक मुलगी विकत घेतलीच. ही जागा घाईघाईने ओलांडू नका. ‘चांगला मालक, वाईट मालक’ या खेळात मुलं पटकन अडकतात, कारण गोष्टींमध्ये तसंच असतं. त्यांना एवढंच विचारा की मालक कितीही चांगला असला तरी मेरीला उद्या सकाळी उठून निघून जायचं असतं तर जाता आलं असतं का? नाही ना. १८५० च्या कायद्याने तर पळून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसालाही पकडून परत पाठवायची सोय केली होती, आणि पकडायला मदत करणं हे साध्या नागरिकांचंही कर्तव्य ठरवलं होतं. म्हणजे पोलिसांत गेली असती तर पोलिसांनीच तिला परत आणून दिली असती. त्या पोराला हे सांगाल ना तेव्हा त्याचा चेहरा बघा.

तुमचा दुसरा पर्याय, म्हणजे लिंकन आणि टबमन तेवढे सांगायचे, बाकी नंतर. मला कळतंय का मोह होतो ते, शेवट गोड होतो आणि पालकही खूश. पण त्यातून मुलं काय उचलतात बघा. एक, की गुलामगिरी म्हणजे अमेरिकेतली भानगड. दोन, की ती माणसं बिचारी वाट बघत बसली होती आणि मग एक उंच टोपीवाला गोरा माणूस येऊन त्यांना सोडवून गेला. दोन्ही चूक.

पहिल्यासाठी भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि विचारा, आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेली माणसं सगळ्यात जास्त कुठे नेली असतील? सगळे अमेरिका म्हणतील, यूएसए या अर्थाने. मग सांगा, साधारण साडेतीनशे वर्षांत अंदाजे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली, एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. त्यातली आजच्या यूएसएच्या किनाऱ्यावर थेट उतरवलेली चार लाखांच्याही आत. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास. बाकीची बहुतेक कॅरिबियन बेटांवर. का? साखर. कापूस नंतर आला, आधी साखर होती, आणि उसाच्या मळ्यांवर माणसं इतकी लवकर मरत की मालकांना नवी विकत आणत राहणं परवडायचं. हे वाक्य मात्र अकराच्या खालच्या मुलांना नको, त्यांना ‘काम फार जीवघेणं होतं’ एवढं बास. ब्राझीलने गुलामगिरी बंद केली १३ मे १८८८ ला. तोपर्यंत आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन ३५ वर्षं झाली होती. तारखा मुलांना अशा सांगाव्यात, ओळखीच्या गोष्टीच्या शेजारी ठेवून, नाहीतर सगळं ‘फार पूर्वी’ या एकाच डब्यात जातं.

दुसऱ्या गैरसमजाला हैतीसारखं उत्तर नाही. कॅरिबियनमधला हा देश तेव्हा सँ दोमँग, फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत साखर वसाहत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, पुढे तूसाँ लूव्हेर्त्यूर, जो स्वतः गुलामीत जन्मलेला होता, त्याने सैन्य उभं केलं, नेपोलियनने पाठवलेल्या फौजेलाही हार खावी लागली, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. तूसाँ तो दिवस बघायला नव्हता, फ्रान्सच्या कैदेत आदल्या वर्षी वारला. आपल्या मुलांना नेपोलियन माहीत असतो आणि तूसाँ माहीत नसतो, याला मुलं जबाबदार नाहीत. युनेस्कोचा गुलाम-व्यापाराच्या स्मरणाचा दिवस २३ ऑगस्ट आहे तो याच उठावामुळे. वर लगेच हेही येतं की १८२५ मध्ये फ्रान्सने त्याच हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, म्हणजे ‘आमची मालमत्ता गेली’ म्हणून, आणि ती मालमत्ता म्हणजे हीच माणसं. ब्रिटनचंही तेच, १८३३ चा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई दिली, मालकांना. सुटलेल्यांना एक पैसा नाही. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडून संपवलं. तुमच्या कट्ट्यावरची बरीच मुलं तेव्हा नुकतीच जन्मली असतील किंवा जन्मायची असतील. मोठ्या मुलांना विचारा की भरपाई कुणाला मिळायला हवी होती, आणि मग अर्धा तास तुम्ही काही बोलू नका.

तुमचा वाचनकट्टा आहे म्हणून फ्रेडरिक डग्लस चुकवू नका. हा अमेरिकेत गुलामीत जन्मलेला. बाल्टिमोरमध्ये मालकीणबाई त्याला अक्षरं शिकवायला लागली, नवऱ्याने थांबवलं, की वाचायला शिकला तर हा हातात राहणार नाही. पोराने ते ऐकलं आणि त्याला किल्लीच मिळाली जणू, मग तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना घरातला पाव द्यायचा आणि त्यांच्याकडून वाचायला शिकून घ्यायचा. १८३८ मध्ये खलाशाचे कपडे घालून पळाला, पुढे स्वतःची गोष्ट स्वतः लिहिली. वाचन कंटाळवाणं वाटणाऱ्या पोरांना ही गोष्ट लेक्चर न देता सांगायची, उगाच ‘बघा आणि तुम्ही मोबाईल बघता’ असं जोडायचं नाही, प्लीज.

आता काका. ‘आपल्याकडे कुठे होतं.’ होतं की. सोळाव्या शतकाच्या शेवटी जुन्या गोव्यात रूआ दिरैता नावाच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी बाजार भरायचा, त्यात घोडे, दागिने, कापड यांच्यासोबत माणसंही विकली जायची, तिथे राहिलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन या डच माणसाने ते लिहून ठेवलंय. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आणि बटक्यांच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, म्हणजे पुण्यातली ही गोष्ट आहे, झांजिबारची नाही. आणि पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटाचं म्हणाल तर तिथल्या लवंगांच्या मळ्यांना, जिथे गुलाम राबत, कर्ज पुरवणाऱ्यांत कच्छी आणि गुजराती व्यापारी होते. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने ‘अमुक माझा गुलाम’ हा दावा कोर्टात मानणं बंद केलं, आणि १८६० च्या दंडसंहितेत माणूस विकणं-विकत घेणं हा गुन्हा झाला. ज्या गोष्टी नसतातच त्यांच्यावर कायदे करावे लागत नाहीत.

मलिक अंबर तर पाहिजेच. इथिओपियातला मुलगा, नाव चापू, लहानपणी विकला गेला, हातोहात फिरत बगदादमार्गे दख्खनेत आला, आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा सगळा कारभार त्याच्या हातात. खडकी त्याने वसवली, तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथली नहर-ए-अंबरी, शहराला पाणी पुरवणारी नहर, त्याच्या काळातली, कबर खुलताबादला. उन्हाळ्यात वेरूळला जाणाऱ्या फॅमिलीने वाट वाकडी न करता बघता येते. पण ताई, एक सांभाळा, अंबरची गोष्ट ‘बघा, हिंमत असली की गुलामसुद्धा वजीर होतो’ अशी सांगू नका. दख्खनेत लढाऊ गुलामांना वर चढायची वाट होती, ती उसाच्या मळ्यात नव्हती, आणि इथेही प्रत्येक चापूचा अंबर झाला नाही. त्याच्यासोबत विकल्या गेलेल्या बाकीच्या पोरांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. हे असं बोललात की मुलं विचारतात, मग त्यांचं काय झालं? तोच प्रश्न हवाय.

दुसऱ्या पालकांचं म्हणणं, आधी जातीचं सांगा, हे मी उडवून लावणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी जोतीराव फुल्यांनी हे दोन विषय शेजारी ठेवले होते. १८७३ मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘गुलामगिरी’, आणि अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला मिसिसिपीचं दुःख ‘आपला काय संबंध’ वाटलं नाही. पण मला वाटतं की ‘आधी हे मग ते’ अशी रांग लावायची गरज नाही, आणि दोन्ही एकच आहे असंही मुलांना सांगू नये, त्याने दोन्ही पुसट होतं. गुलामाची विक्रीची पावती असायची, जातीला पावती लागत नाही. फरक कुठे आणि सारखेपणा कुठे, हे बारा-तेराची मुलं स्वतः शोधू शकतात, जन्मावरून ठरणं, शिकायला बंदी, कामाचा मोबदला नाही. हे बोलणं होईल तेव्हा कट्ट्यावरच्या कुठल्याही मुलाला ‘तुमच्यात कसं असतं’ असं मात्र कुणी विचारू नये, ते तुम्ही सांभाळायचं.

तिसऱ्या शनिवारी कवड्या आणा. घरात सारीपाटाच्या असतील, नसतील तर देवीच्या देवळाबाहेर मिळतात. मुठीत द्या प्रत्येकाच्या. मग सांगा की मालदीवच्या समुद्रातल्या या कवड्या जहाजाच्या तळाशी वजन म्हणून भरून युरोपात जायच्या, तिथून पश्चिम आफ्रिकेत, आणि तिथे त्या पैसे म्हणून चालायच्या, त्या देऊन माणसं विकत घेतली जायची. भारतात विणलेलं सुती कापडही याच व्यापारात द्यायला जायचं. नकाशावर लोकरीच्या धाग्याने ही वाट जोडून दाखवली की अटलांटिकचा तो प्रसिद्ध युरोप-आफ्रिका-अमेरिका व्यापाराचा त्रिकोण आपोआप हिंदी महासागरापर्यंत येतो. यापुढे ‘आपला काय संबंध’ हे तुम्हाला खोडायला लागणार नाही, पोरंच घरी जाऊन सांगतील.

कट्ट्यावर कुणी मॉरिशसला जाऊन आलेलं असेल तर तेही घ्या. तिथे गुलामगिरी १८३५ मध्ये संपली आणि उसासाठी मजूर हवे म्हणून भारतातून करारावर माणसं नेली, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मुलं म्हणतील मग तेही गुलामच की. तसं नाही, करार होता, पगार होता, मुदत होती, कागदावर तरी. हाल मात्र बरेच.

काय करू नये ते सरळ सांगते. नाटक नको. एकाला मालक, एकाला गुलाम, खोटा लिलाव, दोरीने हात बांधून बाकाखाली झोपवून ‘जहाज’, यातलं काहीच नको. अमेरिकेतल्या काही शाळांमध्ये असले खोटे लिलाव झालेत आणि दर वेळी सगळ्यात जास्त भोगलं ते वर्गातल्या काळ्या मुलांनी. अनुभव मिळावा हा हेतू असतो पण खेळात मिळतो तो खेळाचाच अनुभव, हसू येतं, आणि मालक झालेल्याला मजा येते. जहाजात माणसं कशी रचून भरायचे त्याचं जे १७८८ चं प्रसिद्ध चित्र आहे ते बारा-तेराच्या मुलांना दाखवायला हरकत नाही, ते गुलाम-व्यापाराच्या विरोधकांनीच छापून वाटलं होतं हेही सांगा. फटक्यांच्या पाठीचे फोटो नकोत. आणि मुलं नऊ ते तेरा आहेत तर शेवटचा अर्धा तास दोन गट करा, लहानांना डग्लसचं चित्र काढू द्या, मोठ्यांशी भरपाईचं, कायद्याचं बोला.

त्या सावळ्या मुलाचं. हे मी शेवटी घेतलंय पण तुम्ही सगळ्यात आधी घ्या, सेशनच्याही आधी. त्याच्याशी एकटीने बोला, आणि त्याला विचारा की कट्ट्यावर यायचंय का, कुठे बसायचंय. चिडवणाऱ्यांना सगळ्यांसमोर उभं करून सॉरी म्हणायला लावलंत तर विषय त्याच्या रंगाचाच होईल पुन्हा. त्यापेक्षा पहिल्या शनिवारी मेरीचं सांगताना एक गोष्ट स्पष्ट करा की माणसं काळी होती म्हणून गुलाम झाली नाहीत. रोममध्ये गुलाम होते ते सगळ्या रंगांचे, तिथे गुलामांचा उठाव करणारा स्पार्टाकस आजच्या बल्गेरियाच्या बाजूचा. साखरेच्या मळ्यांना माणसं हवी होती, ती आफ्रिकेतून आणली, आणि मग ‘ही माणसं असल्याच कामाला बनलीत’ हा रंगाचा हिशोब मागून जोडला, लुटीला कारण हवं म्हणून. चिडवणारी पोरं तो मागून जोडलेला हिशोब वापरतायत, आणि तो त्यांनी कट्ट्यावर शिकलेला नाही. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती, ‘उन्हात काळी होशील’ म्हणणाऱ्या आज्या, लग्नाच्या बायोडेटातला ‘गव्हाळ’, घरोघरी चालूच असतं. त्यामुळे त्या मुलांच्या आयांशी बोलायचं तर शांतपणे आणि वेगवेगळं, ग्रुपवर नाही.

ग्रुपवर एवढंच टाका : "पुढचे चार शनिवार आपण गुलामगिरीचा इतिहास वाचतोय. मारहाणीची चित्रं दाखवणार नाही. पहिल्या शनिवारी ज्या पालकांना बसायचंय त्यांनी बसावं. ज्यांना मूल पाठवायचं नाही त्यांनी मला पर्सनलवर कळवावं, त्या वेळी त्यांच्या मुलांसाठी शेजारी दुसरं पुस्तक असेल." चर्चा तिथे करू नका, थंब्स अप येतील तेवढे येऊ द्या. आणि त्या दोघा पालकांना फोन करून पहिल्या शनिवारचं खास बोलावणं द्या, काकांनाही. त्यांना मागे बसवू नका, नकाशाजवळ बसवा, लोकरीचा धागा धरायला कुणीतरी उंच माणूस लागतोच.